मदत हवी आहे: निर्गुडीच्या अर्काची एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण) कशी वाचू?

पालच्या (ता. रावेर) नाल्याकाठची निर्गुडीची पानं सावलीत वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढलाय. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. अर्क पूर्ण सुकवून १० टक्के डीएमएसओत (हा द्रावक) विरघळवला, १०० मिग्रॅ प्रति मिली. म्युलर-हिंटन आगरवर (जंतू वाढवायचं माध्यम) वेल पद्धतीने, म्हणजे आगरला भोक पाडून त्यात अर्क भरून, स्टॅफ ऑरियस जंतूला १४ मिमी झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला, ई. कोलायला काहीच नाही. नुसत्या डीएमएसओलाही झोन नाही, त्यामुळे तिथे शंका नाही.

गाडी अडलीय एमआयसीपाशी. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये ब्रॉथ घेऊन निम्म्या-निम्म्याने पातळ करत गेले, पण पहिल्या तीन-चार वेल इतक्या गर्द हिरव्या, शिवाय तळाला गाळ (अगदी पालकाची पातळ भाजी!), की गढूळपणा जंतूंचा की अर्काचा ते कळेना. मग रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की निळ्याचं गुलाबी होणारं रंगद्रव्य) घातलं, तर जंतू न घातलेल्या वेलही गुलाबी झाल्या. अर्कातली फिनॉल्सच रंग बदलत असावीत.

प्लेट रीडर नाही, प्लेटा मोजक्याच उरल्यात.

आता प्रत्येक वेलमधले १० मायक्रोलिटर आगरवर टाकून वाढ बघितली, तर तो आकडा एमआयसी म्हणून लिहिता येईल की फक्त एमबीसी (जंतू मारणारं किमान प्रमाण)? की आधी पेट्रोलियम इथरने हरितद्रव्य काढून सगळं पुन्हा करू?