गाईडच्या होकारानंतर खरी कागदपत्रं
पीएचडी करताना कंपनीत इंटर्नशिप घ्यायची तर गाईडने हो म्हटलं की झालं, बाकीचं कंपनीचा एचआर बघतो, असं काही जण म्हणतात. गाईडचा होकार ही मोठी पायरी आहे, मान्य. पण एचआर बघतो ते कंपनीच्या बाजूने. करारातलं बौद्धिक संपदेचं कलम तुमच्या वतीने कोणी वाचत नाही. इंटर्नशिपमध्ये केलेलं काम साधारणपणे कंपनीच्या मालकीचं होतं आणि पेपर पाठवण्याआधी त्यांची अंतर्गत मंजुरी लागते. आमच्या लॅबमधल्या एकाचा प्रबंधाचा अख्खा प्रकरणभर मजकूर या मंजुरीत अडकला. प्रयोग उत्तम झाले होते, पण डेटा बाहेर काढता येईना. शेवटी ते प्रकरण वगळूनच प्रबंध सादर केला त्याने.

म्हणून सही करण्याआधीच कंपनीतल्या मेंटॉरला ईमेलवर (तोंडी नको!) विचारा: या कामातलं काय छापता येईल, प्रबंधात वापरता येईल का? आधीपासून लिहिलेला कोड, सुरू असलेलं संशोधन यांची यादी करारात 'पूर्वीचं काम' म्हणून जोडून घ्या. बऱ्याच करारांत त्यासाठी वेगळं परिशिष्टच असतं आणि लोक ते कोरं सोडतात. फेलोशिप चालू असेल तर त्या काळात पगार घेता येतो का, हेही विद्यापीठाकडून लेखी घ्या. आणि अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर पूर्णवेळ सीपीटीचे (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) १२ महिने भरले की त्या पदवीच्या पातळीवरचा ओपीटी (मुख्यतः पदवीनंतर काम करायची परवानगी) जातो, तेव्हा दुसरी-तिसरी इंटर्नशिप घेताना महिने मोजा.