भूतान वीज विकतो, मग रुपयांचा तुटवडा का पडतो?

ताळेबंद
भूतानचं चलन न्गुलट्रम १९७४ पासून भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेला आहे. चुखा, ताला, मांगदेछू या तिथल्या जलविद्युत प्रकल्पांची वीज भारत घेतो आणि पैसे रुपयांतच देतो. तरी मार्च २०१२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेला रुपये देताना हात आखडता घ्यावा लागला, गाड्यांची आयात थांबली. ऑगस्ट २०२२ मध्ये गाड्यांवर पुन्हा निर्बंध. विजेचे रुपये जातात कुठे? आणि चालू खात्यावरची तूट (परदेशांशी व्यवहारात येणाऱ्यापेक्षा जाणारा पैसा जास्त) एवढी मोठी दिसते, ती जशीच्या तशी वाचायची का?

पाणलोट
आधी विजेचा हिशोब. मांगदेछू ७२० मेगावॅटचा. पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार युनिट. २०१९ मध्ये ठरलेला दर ४ रुपये १२ पैसे, म्हणजे दिवसाला साधारण ७ कोटी रुपये. पण हे पावसाळ्यातलं चित्र. तिथले प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, महिनोन्‌महिने पुरेल असा मोठा साठा मागे नसतो. हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं, नद्या रोडावतात आणि बरीचशी क्षमता नुसती पडून राहते. तेव्हा भूतान भारताकडूनच वीज विकत घेतो. भूतानमधल्या पासाखाच्या फेरोसिलिकॉनच्या (पोलादासाठी लागणारा मिश्रधातू) भट्ट्या मात्र हिवाळ्यातही तेवढीच वीज खातात.

आता कर्ज. चुखा आणि तालाला भारताकडून ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज होतं. मांगदेछूला ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज, तेही १० टक्के व्याजाने. म्हणजे विक्रीतले बरेच रुपये व्याज आणि हप्त्यांच्या रूपाने आले तसे परत जातात. चुखाच्या काळातल्या फायद्याची गणितं नव्या प्रकल्पांना लावतात, तिथेच बहुतेक लेख चुकतात.

नाणेपेटी
वरच्यात भर. २०१२ चा तुटवडा विजेपेक्षा बँकांनी वाढवला. प्रकल्पाचं काम चालू असताना रुपये देशात येतात. मजुरी, ठेकेदारांची बिलं, भाडी यांतून त्यांच्या बदल्यात न्गुलट्रम लोकांच्या खात्यात जमतो. बँकांकडे ठेवी फुगतात, की घर आणि गाडीची कर्जं सुटतात. पण घराचं लोखंड, फरशा, रंग, गवंडी सगळं भारतातून. गाडी आणि तिचं पेट्रोलही तिथूनच. कर्ज न्गुलट्रममध्ये दिलेलं असलं तरी खर्च होताना रुपयेच लागतात, आणि एकास एक बांधलेपणामुळे मध्यवर्ती बँकेला ते मोजून द्यावेच लागतात. रुपयांची गंगाजळी आटली की भारतातल्या बँकांकडून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसलेले पैसे उधार उचलणं, त्याचं व्याजही रुपयांतच. डिसेंबर २०११ मध्ये २० कोटी डॉलर विकून रुपये घेतले, ते या ओव्हरड्राफ्टचा भार हलका करायला. तीन महिन्यांत परत तीच गत, कारण कर्जवाटपाचा नळ तसाच चालू होता.

डॉलर हवे तितके विकताही येत नाहीत. भूतानच्या राज्यघटनेच्या कलम १४ नुसार किमान वर्षभराच्या अत्यावश्यक आयातीइतकी परकीय गंगाजळी राखावी लागते. २०२२ ची गोष्ट वेगळी, ती २०१२ च्या खात्यात टाकू नका. तेव्हा कोविडमुळे पर्यटन बंद होतं, डॉलर येणंच थांबलं होतं.

तुटीबद्दल: धरणाची यंत्रं आणि सिमेंट आयात म्हणून तुटीत चढतात, पण त्यांचा पैसा भारताच्या कर्ज-अनुदानातून आलेला असतो. तो भाग बाजूला काढा. मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालात भारताशी आणि इतर देशांशी असलेले व्यवहार वेगळे छापलेले असतात, बेरीज न बघता ते दोन तक्ते वाचा.

ताळेबंद
म्हणजे रखडलेल्या पुनात्सांगछू-१ या जलविद्युत प्रकल्पाच्या कर्जाचा हप्ता आज डोक्यावर नाही?

पाणलोट
नाही. परतफेड प्रकल्प चालू झाल्यावर सुरू होते. पण बांधकामाच्या काळातलं व्याज मुद्दलात चढत राहतं. काम २००८ मध्ये सुरू झालं, जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजवा काठ सरकला, आणि १,२०० मेगावॅट अडकून पडले. विजेचा दर खर्चावर ठरतो. खर्च अडीच पटींवर गेला, तर उद्या त्या दराला गिऱ्हाईक आहे का, हा प्रश्न. भारतात दिवसाची सौर वीज त्याहून स्वस्त मिळते.

खिंड
सगळे विजेवरच बोलताय, समुद्र नसल्याची किंमत राहिली. भारत सोडून इतर देशांतला माल कोलकात्याला उतरतो, तिथून ट्रकने भूतानच्या सीमेवरचं फुन्शोलिंग. प्रत्येक टप्प्यावर कागद, आणि बंदरात कंटेनर अडला की दंड आयातदाराला. जड आणि स्वस्त माल यात टिकत नाही. म्हणूनच बांगलादेशला जाणाऱ्या दगड-खडीसाठी नदी वापरून पाहिली. जुलै २०१९ मध्ये आसाममधल्या धुबरीहून एका जहाजाने १,००० टन खडी ब्रह्मपुत्रेतून नारायणगंजला नेली. रस्त्याने त्याला सत्तरेक ट्रक लागले असते. अडचण हिवाळ्यात येते, नदीत गाळ साचतो, खोली कमी होते. वीजनिर्मिती घटते तेव्हाच ही वाटही उथळ होते.

पर्यटनाचं गणितही वेगळं बघा. इतर परदेशी पर्यटकांकडून रात्रीला २०० डॉलर घेणं सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केलं, वर्षभरात ते १०० वर आणावं लागलं. भारतीयांना १,२०० न्गुलट्रम. रुपये हवे असतील तर भारतीय पर्यटक, डॉलर हवे असतील तर बाकीचे. एकाच शुल्काने दोन्ही टाक्या भरत नाहीत.