एकासाठी दीडशे जणांनी खोळंबायचं का?

कपाशीवाला (समुद्रपूर): मागच्या आठवड्यात दिल्लीहून बंगलोरले चाललो होतो. मधातच एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखाले लागलं, अन् विमान नागपूरले उतरवलं. त्याईले घेऊन गेले, पण आमी तीन घंटे आतच. खिडकीतून सोनेगावची झाडं दिसून राहिली, घर तिथून दीड घंट्यावर, अन् खाली पाय ठेवू देत नाही! पोचलो तोवर साळ्याच्या पोरीचं साक्षगंध आटोपलं होतं. माझं म्हणणं, ज्याले हृदयाचा त्रास हाय त्याले दारातच थांबवा.

हिंगणघाटचा पोट्टा: दारात कोन ईसीजी काढन बाप्पा? माझ्या मोठेबाबाच्या छातीत दुखलं तवा रात्री १०८ ले फोन लावला. गाडी आली, पण सेवाग्रामले पोचेपर्यंत दोन घंटे. इथं ३५ हजार फुटांवरून अर्ध्या घंट्यात माणूस डॉक्टरच्या हातात गेला, तेही तुले खुपून राहिलं? साक्षगंधाचे फोटो पाहून घे.

उमरेडकर: मी काही वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होतो. कपाशीवाल्यांचं अगदीच चूक नाही. लोक आजार लपवतात. ऑपरेशनला आठ दिवस झालेले असतात, पण सांगितलं तर डॉक्टरांचा दाखला मागतील, म्हणून गप्प. वर विमानातली हवा दाबाखाली असली तरी जमिनीसारखी नसते, साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असल्यासारखी असते. म्हणजे चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर तासन्‌तास बसल्यासारखं. धडधाकट माणसाला कळतही नाही, हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असली की त्रास होतो.
तीन तास का लागले तेही सांगतो. तेल भरणं, नवा मार्ग मंजूर करून घेणं, आजारी माणसाचं सामान विमानाच्या पोटातून शोधून काढणं. उतरताना वजन मर्यादेपेक्षा जास्त असेल तर इंजिनिअर तपासल्याशिवाय सोडत नाही. त्यात वैमानिकांचे ड्युटीचे तास संपले तर विचारूच नका.

सिस्टरताई (प्राथमिक आरोग्य केंद्र, यवतमाळ जिल्हा): विमान सारखं उतरवत नाहीत हो. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच विमान कंपन्यांच्या जवळपास १२ हजार घटनांचा अभ्यास आला होता. शंभरात सातेक वेळाच विमान वळवलं होतं. सगळ्यात जास्त प्रकरणं चक्कर येण्याची.
माझ्याही वाट्याला एकदा आलं. "कोणी डॉक्टर आहे का?" अशी घोषणा झाली, कोणीच उठेना, मग मी उठले. साठीचे काका, शर्ट घामानं चिंब, बोलणं अडखळतंय. स्टेथोस्कोप कानाला लावला तर इंजिनाचीच घरघर. शेवटी मनगटाची नाडी धरून नुसतं वरचं बीपी काढलं, ११०. काकू म्हणाल्या, पहाटे तीनला इन्सुलिन टोचून निघाले, विमानातलं खाणं महाग म्हणून उपाशी. मागच्या रांगेतल्या एकाकडं शुगर मोजायचं यंत्र निघालं. ४८, म्हणजे फारच कमी! ज्यूसमध्ये साखरेच्या चार पुड्या घालून पाजल्या. पंधरा मिनिटांत काका विचारतात, "नाश्ता आला का?"

कपाशीवाला: बस! मी तेच म्हणून राहिलो. उतरवल्याबिगर भागते.

सिस्टरताई: भाऊ, ती शुगर होती. छातीत दुखत असतं तर मीच म्हटलं असतं, उतरवा. तसंही निर्णय माझा नसतो, कॅप्टनचा असतो. तो जमिनीवरच्या डॉक्टरांना विचारून घेतो. वरती ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. अंदाज चुकला तर काकू जन्मभर कोणाला विचारणार?

उमरेडकर: मुळात डॉक्टर प्रवासी निघेल या भरवशावर किती राहायचं? क्रूला सीपीआर शिकवतात, पण सलाईन लावणं त्यांचं काम नाही. कंपन्यांनी काहीतरी सोय करावी.

हिंगणघाटचा पोट्टा: अन् तिकीट दुप्पट झालं की पहिले हाच बोंबलन.

कपाशीवाला: बोंबलीन तर. बरं ताई, पुढच्या महिन्यात मायले तिरुपतीले न्यायचं हाय. बीपी अन् शुगर, दोन्ही. गोळ्याईची थैली मोठ्या बॅगेत टाकली तर जमते ना?

सिस्टरताई: अजिबात नाही! ती बॅग पोटात जाते. थैली मायच्या मांडीवर, अन् सोबत भाकरीचा डबा.