गिटारचं टोकन भरू का?

बी-४०२ काकू: नमस्कार. जरा अर्जंट आहे. चिरंजीवांना जुनी गिटार हवीये. ऑनलाइन जाहिरातवाला म्हणतो, मिलिटरीत आहे, बदली झाली, ४,५०० ला देतो. भेटायला नाही म्हणतो, पार्सल करणार. टोकनसाठी क्यूआर पाठवलाय. भरू का?

ए-६०१ दादा: काकू, एक रुपयाही पाठवू नका! बदली झालेला जवान ही ठरलेली थाप आहे.

सी-२०३ वहिनी: आमचा सोफा विकताना हेच झालं. "पैसे यायला स्कॅन करा, पिन टाका." पैसे घ्यायला पिन लागतच नाही! ८,००० गेले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

ए-१०४ काका: गिटार कोणाचीही असो, रात्री १० नंतर आवाज नको.

डी-३०१: आणि गणपतीतला ढोल? 😀

ए-१०४ काका: तो विषय मीटिंगमध्ये संपलाय.

बी-४०२ काकू: मग काय, नवीच घेऊ? कीबोर्डचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ए-६०१ दादा: जुनी घ्या, पण हातात घेऊन. एक डोळा मिटून गिटारच्या मानेवरून, म्हणजे लांब दांड्यावरून नजर टाका, पीळ नको. बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार ३ मिलिमीटरपेक्षा जास्त वर असेल तर नवशिक्याची बोटं सोलतात. आणि ब्रिजखाली, म्हणजे तारा अडकवलेल्या पुढच्या पट्टीखाली, कागद सरकवून बघा. स्टीलच्या सहा तारा मिळून ७० किलोच्या आसपास ओढतात, डिंक सुटला की ब्रिज उचलतो.

सी-१०३ काका: लांब कशाला जाता? कन्येची आहे माळ्यावर. ती बेंगळुरूला गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. ५,००० द्या.

ए-६०१ दादा: काका, तारा सैल करून ठेवली होती ना?

सी-१०३ काका: कव्हरमध्ये आहे, नवीकोरी. शेजाऱ्यांचीही परीक्षा घेणार का आता?

ए-६०१ दादा: तसं नाही काका. माळा उन्हाळ्यात तापतो. म्हणून विचारलं.

ए-१०४ काका: पुन्हा सांगतो, रात्री १० नंतर नको.

सेक्रेटरी: कृपया खरेदी-विक्री पर्सनलवर. टँकरचे पैसे ११ जणांचे बाकी आहेत.

बी-४०२ काकू: त्या माणसाला ब्लॉक केलं. दादा, रविवारी काकांकडे याल का माझ्याबरोबर?

सी-१०३ काका: रविवारपर्यंत थांबू नका. आत्ताच काढून पाहिली. कागद अर्धा इंच आत जातो.