मदत हवी आहे: बडोद्यातल्या पोळीतली सात मांजरं, एक उसना सापळा. नसबंदीला सुरुवात कुठून करावी?

ओटल्यावरून

मंडळी, नमस्कार. रावपुऱ्याजवळच्या जुन्या पोळीत (पोळ हो, म्हणजे अरुंद गल्लीतली जुनी दाट वस्ती, खायची पोळी नव्हे) गच्च्या एकमेकींना लागून आहेत आणि त्यांवरून सात मांजरं हिंडतात. तीन माद्या, दोन बोके, साधारण चार महिन्यांची दोन पिल्लं. तिरंगी मादी बहुधा दुधावर आहे. सडांभोवतीचे केस विरळ झालेत, पण पिल्लं कुठे ठेवलीत ते कळत नाही. तीन घरांतून खाणं घातलं जातं, त्याला वेळकाळ नाही.

शिवाय घरातली एक मांजरी आठ महिन्यांची आहे आणि चार दिवसांपासून माजावर. रात्रभर ओरडते, शेपूट बाजूला करून मागचा भाग उचलते. औषधांच्या दुकानात 'माज उतरवायची गोळी' सुचवली. द्यावी का?

सापळा उसना मिळतोय, एकच. शेजारचे काका म्हणतात आधी बोके करा, दोघांचं केलं की काम संपलं. आणि हे उत्तरायणाआधी (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाआधी) उरकावं की नंतर?

गच्चीवरचा

काकांना नमस्कार सांगा, पण बोके शेवटी. हे दोन केले तरी पलीकडच्या पोळीतला तिसरा येतो आणि तेवढ्या एकानेही सगळ्या माद्या गाभण राहतात. बोक्याचं ऑपरेशन झालं तरी पुढचा महिना-दीड महिना तो पिल्लं देऊ शकतो, आधीचं बीज नळीत उरलेलं असतं. त्यामुळे माद्या आधी, आणि पिल्लांत मादी असेल तर तिलाही त्यांच्याबरोबरच धरा. चार-पाच महिन्यांची मादी माजावर येऊ शकते, गर्भ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते.

तारीख: १६ जानेवारीनंतर. त्याआधी गच्चीवर माणसं, स्पीकर आणि मांजा, मांजरं दिवसभर दडून बसतात. पण फेब्रुवारी उजाडू देऊ नका. दिवस मोठे व्हायला लागले की माजाची लाट येते.

सापळ्याचं खरं काम पकडायच्या दोन आठवडे आधी सुरू होतं. तिन्ही घरांनी मिळून एक वेळ ठरवा, समजा संध्याकाळी सात, एकच जागा, आणि वीस मिनिटांत ताटली उचला. चार-पाच दिवसांनी तिथेच सापळा ठेवा, पण दार तारेने वर बांधून, म्हणजे पडणार नाही. आधी तोंडाशी खाणं, मग दर दिवशी वीतभर आत, शेवटी पायपट्टीच्या (पाय पडला की दार पाडणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे अगदी मागच्या जाळीला टेकवून. पट्टीच्या अलीकडे ठेवलंत तर मांजर मान लांब करून खाऊन जातं आणि दार उघडंच राहतं.

पकडायच्या आदल्या दिवशीपासून कोणीही काही घालायचं नाही. सगळं फिसकटतं ते इथेच. कोपऱ्यावरच्या आजी 'बिचारी उपाशी' म्हणून दूध-पोळी घालतात आणि भरल्या पोटी मांजर सापळ्याकडे बघतसुद्धा नाही. आजींना आधीच विश्वासात घ्या, जमलं तर टेहळणीचं काम त्यांनाच द्या.

आमिष वासाचं हवं: सुकट किंवा डब्यातला मासा. शाकाहारी पोळीत बोभाटा होणार असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक. दोन चमचे पुरे, पुढे भूल द्यायची आहे.

दार पडलं की लगेच जुनी चादर दुहेरी करून सापळ्यावर टाका. अंधार झाला की मिनिटभरात धडका थांबतात. नाही टाकलीत तर जाळीवर नाक फोडून घेतात. पोत्यात भरून कधीही नेऊ नका, त्यात जीव गुदमरतो. सापळ्यातून हाताने बाहेर काढायचा प्रयत्नही नको.

आणि वजन. सामानाचा हुकवाला काटा घ्या, मांजरासकट सापळा टांगा, रिकाम्या सापळ्याचं वजन वजा करा, आकडा चिकटपट्टीवर लिहून सापळ्याला लावा. भुलीचा डोस वजनावर असतो, आणि जंगली मांजर दवाखान्यात काट्यावर बसत नाही.

टाके_आतले

पशुवैद्य म्हणून वरच्याला जोड.

गोळी देऊ नका, इंजेक्शनही नाही. ही प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं. माज दबतो, पण गर्भाशयात पू होतो, सड सुजतात, स्तनांत गाठी येतात, मधुमेहही होऊ शकतो. पोटात आधीच पिल्लं असतील तर आणखी घोटाळा. माज साधारण आठवडाभरात ओसरतो. बोक्याशी संग झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो, कारण मांजरीचं बीज संगानंतरच सुटतं. म्हणून खिडक्या बंद ठेवा आणि ओरडणं थांबल्यावर आठवडाभराने तारीख घ्या. माजात ऑपरेशन करता येतं, पण रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, घाईचं कारण नसेल तर थांबलेलं बरं. वर्षाच्या आत नसबंदी झाली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका ८६ टक्क्यांनी कमी होतो, सहा महिन्यांच्या आत झाली तर ९१. तेव्हा 'एकदा बाळंतपण होऊ दे' हा हट्ट सोडा.

उपास: मोठ्या मांजराला ६ ते ८ तास, पाणी सकाळपर्यंत चालेल. चार महिन्यांपेक्षा लहान पिल्लाला ४ तासांवर उपाशी ठेवू नका, साखर उतरते. एक किलोच्या खालचं पिल्लू मी घेत नाही.

दवाखान्यात तीन गोष्टी आधी विचारा. कातडीचे टाके आतून, विरघळणाऱ्या धाग्याचे घालणार का? बाहेरचे असतील तर काढायला तेच मांजर दहा दिवसांनी पुन्हा पकडणार कोण? दुसरं, दुधावरच्या मादीला कुशीतून छेद देता का? पोटाखालच्या छेदावर पिल्लं ओढतात, शिवाय कुशीची जखम लांबून दिसते. तिसरं, भुलीतच डाव्या कानाचं टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतील ना? ती खूण नसेल तर दोन वर्षांनी कोणीतरी त्याच मादीचं पोट पुन्हा उघडून बघेल.

रेबीजची लस भुलीतच टोचून घ्या.

सुकटवाली

दोन गोष्टी राहिल्या. क्रोसिन नको!! मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारक आहे. आणि पिंजरा फिनेल-डेटॉलने पुसू नका, पंजे चाटताना ते पोटात जातं. साबणपाण्याने धुवा आणि वाळवा.

ओटल्यावरून

गोळीचं रद्द. तिरंगीचं काय करू? पिल्लं दिसत नाहीत, तिला अडकवून ठेवलं तर ती उपाशी मरतील. आणि ऑपरेशननंतर किती दिवस ठेवायचं? एक शेजारी म्हणतात परत आणूच नका, नदीपलीकडे सोडा.

टाके_आतले

खाऊन झाल्यावर ती कुठे जाते ते दोन-तीन दिवस बघा. जुन्या घरांत माळा, बंद खोली, पाण्याच्या टाकीमागची फट अशा जागा असतात. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की तिला धरा, तोवर ती गाभण राहण्याचा धोका पत्करा. तरीही ती चुकून सापळ्यात आलीच, तर सोडून देऊ नका, अशी मादी दुसऱ्यांदा सहजी येत नाही. सकाळचा पहिला नंबर मागा, कुशीचा छेद, आणि पूर्ण शुद्धीवर येऊन स्थिर उभी राहिली की त्याच संध्याकाळी सोडा.

बाकीच्यांचं: बोका २४ तास, मादी ४८ ते ७२ तास. भुलीतून येताना मांजर गार पडतं. जानेवारीची रात्र असेल तर पिंजऱ्याखाली गोणपाट आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर सरकता येतं. डोळे उघडे दिसले म्हणजे जागं झालं असं नाही. मान सावरत नाही तोवर पाणीसुद्धा नको. रेती न वापरता फाडलेला कागद घाला, रेतीचे कण जखमेला चिकटतात. टाक्यांखाली वाटाण्याएवढी गाठ चालते. पण पांढऱ्या हिरड्या, पू, घाण वास, उघडी जखम, किंवा २४ तासांनंतरही खाण्याला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात. महिन्याभराने मादी पुन्हा माजावर आलीच तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलाय असं समजून दाखवा.

घरातलीला दहा दिवस गळपट्टा (जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्याभोवती घालतात तो कोन) आणि उड्या बंद. नंतर खाणं साधारण चौथ्या हिश्शाने कमी करा, नाहीतर सहा महिन्यांत तिचा तक्क्या होतो.

गच्चीवरचा

नदीपलीकडचं: भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतच आहे की जिथून उचललं तिथेच सोडायचं. मांजरांतही पद्धत तीच. अनोळखी जागी त्यांना ना खाणं माहीत ना लपायची जागा. उपासमार होईल अशा तऱ्हेने प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे. आणि शेजाऱ्यांना पटेल असं कारण हवं तर हे सांगा: गच्ची रिकामी झाली की बाजूच्या पोळीतली न केलेली मांजरं तिथे येतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

१९६२ या फोन नंबरवर येणारी प्राण्यांची रुग्णवाहिका जखमी जनावरासाठी आहे, नसबंदीला तिला बोलावू नका. नेता-आणताना रिक्षा करा, दुचाकीवर सापळा हिंदकळतो.

चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. 'घरचंच मांजर आहे' हे कारण चालत नाही.

ओटल्यावरून

शेवटचं. काळी मादी गेल्या वर्षी कोणाच्या तरी सापळ्यातून निसटली होती, आता सापळ्याच्या दहा फुटांत येत नाही.

गच्चीवरचा

तिला दाराचा सापळा विसरा, पडता सापळा करा. तीन फूट चौरस लाकडी चौकट, फूटभर उंच, चारी बाजू आणि वर मऊ जाळं, तार नको. एक कड हातभर काठीवर टेकवायची, काठीला दहा-बारा मीटर दोरी, दोरीचं टोक दाराआड तुमच्या हातात. ताटली मधोमध. आधी आठवडाभर काठी पक्की बांधून तिला खाली जेवू द्या. ठरलेल्या दिवशी शेपटीसकट आत येऊन मान खाली घातली की ओढा, चौकटीवर लगेच वजन टाका आणि चादर घाला. चौकटीला एका बाजूला सरकतं दार ठेवा, म्हणजे नेहमीचा सापळा तिथे टेकवून, त्यावरची चादर काढून, तिला उजेडाकडे सरकवता येतं. एक पाय बाहेर असेल तर दोरी ओढू नका आणि दुसऱ्या दिवशी परत बसा.