शब्दचर्चा: 'एन्क्रिप्शन', 'इंटरऑपरेबिलिटी' आणि पोलिसांचा बिनतारी संच

रातराणी: पोलिसांच्या रेडिओयंत्रणेवरचा एक लेख मराठीत करते आहे. दोन शब्दांपाशी गाडी अडली. एन्क्रिप्शनला 'सांकेतीकरण' आणि इंटरऑपरेबिलिटीला 'आंतरकार्यक्षमता' लिहिलं, पण वाचताना दोन्ही खटकतात.

बिनतारी: खटकायलाच हवेत. कार्यक्षमता म्हणजे एखादा काम किती चोख करतो ते. इथे दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी चोख असतात, फक्त एकीचं दुसरीला ऐकू जात नाही. न्यूयॉर्क, 11 सप्टेंबर 2001. वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्याचंही काही खरं नाही, असा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून आला. तो आला पोलिसांच्या रेडिओवर. अग्निशमन दलाचे संच निराळे, त्यांना तो थेट मिळालाच नाही. 10 वाजून 28 मिनिटांनी तोही मनोरा पडला.

आम्ही नोकरीत असताना सरळ म्हणायचो, "त्यांचा चॅनल आपल्याला लागत नाही."

रातराणी: 'लागणे' झकास आहे, पण काका, शीर्षकात कसं घालू? 'लागण' केलं तर साथ आल्यासारखं वाटेल.

बिनतारी: मग 'परस्परमेळ' घ्या. मेळ बसतो, बसत नाही, बसवावा लागतो. क्रियापदं आयती मिळतात. नॉर्वेचं नोडनेट आणि स्वीडनचं राकेल ही पोलीस-अग्निशमनासारख्या सेवांची रेडिओजाळी, दोन्ही टेट्रा या एकाच तांत्रिक प्रमाणाची. तरी सीमेपलीकडच्या पोलिसांशी बोलायला दोन जाळ्यांचा मेळ मुद्दाम बसवावा लागलाच.

चकली: मध्येच बोलते. 'सांकेतीकरण'ही नको. संकेत म्हणजे आपसांत ठरवलेला शब्द. 'निरोप मिळाला' असं सांगायला अमेरिकी पोलीस 'टेन-फोर' म्हणतात, तो संकेत. चोरून ऐकणाऱ्यालाही शब्द स्वच्छ ऐकू येतो, अर्थ तेवढा ठाऊक हवा. एन्क्रिप्शनमध्ये बोलणंच मोडून टाकतात. किल्ली असलेल्या संचातच ते पुन्हा उभं राहतं. त्याला 'कूटबद्ध'. आमच्या घरी कूट म्हटलं की दाण्याचं, पण तेही शोभतं: दाणा ओळखू येत नाही! फक्त कुटाचे परत दाणे होत नाहीत.

रातराणी: म्हणजे असं लिहू का? "संचांचा परस्परमेळ असला, तरी बोलणं कूटबद्ध असेल आणि किल्ली दिलेली नसेल, तर शेजारच्या जिल्ह्याचे पोलीसही परकेच."

बिनतारी: वाक्य उत्तम. 'चावी' नाही लिहिलंत तेही बरं केलंत, चावी भरायची असते. एक मात्र सांभाळा, कूटबद्धला 'सुरक्षित' म्हणू नका. टेट्राच्या टीईए-1 या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीत 80 बिटांची म्हणून सांगितलेली किल्ली प्रत्यक्षात 32 बिटांवर येते, म्हणजे सहज शोधून काढता येते, हे नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2023 मध्ये उघड केलं. तेव्हाही बोलणं कूटबद्धच होतं.

रातराणी: अरे देवा. 'सुरक्षित रेडिओ' चार ठिकाणी लिहून बसले आहे. बदलते.