अंधारात जेवलायत का कधी? डोळे, कान, नाक यांना गंडवणारी जेवणं : अनुभव सांगा

दुपारची_झोप

सर्दीने नाक पार चोंदलंय. काल रात्री जेवताना समोर काय आहे ते दिसत होतं, पण तोंडात नुसतं गरम, मऊ, खारट. बाकी काही नाही. आणि एकदम ते अंधारातलं जेवण आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वीचं आहे. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जोडप्याने आग्रह करकरून नेलं होतं. तिथे सगळं उलट. नाक-जीभ धडधाकट, डोळे बाद.

आत सोडायच्या आधी मोबाइल लॉकरमध्ये. नवऱ्याचं घड्याळसुद्धा काढून ठेवायला लावलं, काटे चमकतात म्हणून. मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने आत. सगळ्यात पुढे आमचा वेटर, तो अंध. दोन जाड पडदे ओलांडले आणि मिट्ट काळोख. थोड्या वेळाने डोळे सरावतील म्हणून वाट बघत बसले. ते सरावतच नाहीत! सरावायलाही उजेडाचा कण लागतो.

वेटरने सांगितलं, समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. बाराला पाण्याचा ग्लास, नऊला पाव. पाणी ओतताना एक बोट ग्लासाच्या काठावरून आत सोडायचं, ओलं लागलं की थांबायचं. थोड्याच वेळात काटे-चमचे बाजूला पडले आणि सगळे हाताने खायला लागले. सोबतचं जोडपं एरवी केळंसुद्धा काट्याने खाणारं, पण अंधारात कोण बघतंय!

अंधारात चव वाढते असं लोक सांगतात. मला नाही तसं वाटलं. चव होती तेवढीच होती. गरम-गार आणि करकरीत-लिबलिबीत हे मात्र फार ठळक कळायला लागलं. आणि पोट भरलं का, ते काही कळेना. ताटली संपली हे बोटांनी चाचपून कळलं. शिवाय सगळे ओरडून बोलतात. दिसत नसलं की ऐकूही येत नाही असं वाटतं की काय कोण जाणे. नवरा एका घासाला म्हणाला, "वा, मासा काय मऊ शिजलाय!" बाहेर आल्यावर पदार्थांचे फोटो दाखवले, तर तो मशरूम. अजून चिडवते त्याला.

झ्युरिकमध्ये 1999 साली ब्लिंडेकू नावाचं अंधारातलं रेस्टॉरंट सुरू झालं ते या प्रकारातलं गाजलेलं, मग 2004 मध्ये पॅरिसला एक निघालं आणि त्यानंतर ठिकठिकाणी पीक आलं.

तुम्ही असलं काही खाल्लंय? अंधारच हवा असं नाही. धूर, आवाज, वास, तोंडात फुटणारे गोळे, काहीही चालेल. लिहा.

टिकटिक

घड्याळ लॉकरमध्ये??? बाय बाय.

खारीचा_वाटा

आवाजाचं सांगतो, धंदाच तो आहे माझा. इंग्लंडमधल्या ब्रे गावच्या फॅट डक रेस्टॉरंटमध्ये शेफ हेस्टन ब्लूमेंथालने 2007 मध्ये 'साउंड ऑफ द सी' नावाची डिश आणली. शंखात आयपॉड लपवलेला, कानात इअरफोन घालायचे, लाटा आणि समुद्रपक्षी ऐकत समुद्रातलं खाणं खायचं. ताटलीतली वाळूही खायची, साबुदाण्यासारख्या टॅपिओकाची. त्यामागे ऑक्सफर्डचा मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स याच्याबरोबर केलेले प्रयोग होते. तेच कालव लाटांच्या आवाजात लोकांना जास्त आवडलं, कोंबड्या-बदकांच्या आवाजात कमी.

मी तिथे गेलेलो नाही. पण दुसरीकडे एका ठिकाणी असलीच नक्कल चाखलीय. हेडफोन असे की आतला फोम जुन्या घामाने कडक झालेला. समुद्र राहिला बाजूला, माझं सगळं लक्ष माझ्या आधी हे कोणाकोणाच्या कानाला लागलं असेल याच्यावर. वर डाव्या बाजूचा आवाज जात-येत होता. अर्धाच समुद्र.

स्पेन्सचा आणखी एक प्रयोग मला जास्त आवडतो. वेफर्स चावताना होणारा आवाज माइकने घेऊन खाणाऱ्याच्याच कानात परत सोडायचा, त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवून. तोच वेफर लोकांना जास्त ताजा, कुरकुरीत वाटला. 2008 चं इग नोबेल (हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस) मिळालं त्याला. हे घरी करून बघता येतं, माइक आणि हेडफोन असले तर. बायको म्हणाली, आता वेफर्स पण शांतपणे खाऊ देणार नाही का.

घुबड

मी या सगळ्याच्या विरुद्ध. भूक लागल्यावर नाटक नको.

एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो, ऑफिसच्या खर्चाने, नाहीतर कशाला गेलो असतो. घास एवढासा आणि त्यावरचं वेटरचं भाषण एवढं लांब. "आता डोळे मिटा, लहानपणचं जंगल आठवा." माझ्या लहानपणी जंगल नव्हतं हो! मग काचेची घुमटी आली, आत धूर कोंडलेला. वेटरने ती माझ्या नाकासमोर उचलली. चष्मा धुरकटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरचा साहेब म्हणतो, "भावुक झालात?"

मी हो म्हणालो. काय करणार.

दुपारची_झोप

@घुबड मेले मी हसून. आता खोकला सुरू झाला.

अर्धा_कप

2021 मध्ये कोविडनंतर आईचा वास गेला, आणि वासाबरोबर चवही. म्हणजे गोड, खारट, आंबट, कडू कळायचं, पण पदार्थ कुठला ते कळायचं नाही. धागाकर्तीने लिहिलंय अगदी तसंच, फक्त आईचं महिनोन्‌महिने चाललं. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात जातो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग तोच. त्यामुळे जीभ ठीक असून काही उपयोग नाही.

मग वास परत यायला लागला तो वाकडा होऊन. कॉफीला जळलेल्या रबराचा वास. भाजलेल्या कांद्याला तर असला घाणेरडा वास यायचा की ती स्वयंपाकघरातून उठून जायची. रोज सकाळ-संध्याकाळ चार बाटल्या हुंगायच्या, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. नुसतं हुंगायचं नाही, लिंबू हुंगताना लिंबू आठवायचं. ती आठवायची आणि रडायची.

त्या काळात ती फक्त कुरकुरीत आणि बर्फगार गोष्टी खायची, कारण तेवढंच तिला "होत" होतं. आता बरंच परत आलंय, सगळं नाही. म्हणून असल्या हॉटेलांबद्दल मला दोन्ही वाटतं. पैसे देऊन कोणी एक इंद्रिय तासभर काढून ठेवतं याचा राग येतो. आणि दुसरीकडे वाटतं, ते शेफ जे आवाजाचं, स्पर्शाचं, तापमानाचं एवढं डोकं लावतात, ते आईसारख्यांसाठी कोणी लावलं असतं तर?

शिकागोच्या अलिनिया रेस्टॉरंटचा शेफ ग्रँट अखाट्झ माहीत असेल. 2007 मध्ये त्याला जिभेचा कॅन्सर झाला आणि उपचारात चव पूर्ण गेली. तरी किचन चालवलं त्याने, चाखायला बाकीचे. चव परत आली तीही हप्त्याहप्त्याने, आधी गोड. हे आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, त्याला निदान चाखायला माणसं होती.

मावशीबोले

अर्धा_कप, आईला नमस्कार सांग गं. माझ्या जाऊबाईंचं पण असंच झालं होतं, त्यांना अजून लसूण सहन होत नाही. बरं दुपारची_झोप, वाफ घेतलीस का?

दुपारची_झोप

@अर्धा_कप, दोनदा वाचलं. आईंना आता कॉफी चालते का?

@मावशी घेतली. तीनदा. नाक ऐकत नाही.

अर्धा_कप

चालते, थंड. गरम अजून नाही.

निमिष

मला जन्मापासून फार कमी दिसतं. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) हा धागा ऐकतोय आणि बोलून लिहितोय, शब्द इकडचे तिकडे झाले तर समजून घ्या.

मीही मित्रांबरोबर अशा अंधाऱ्या जेवणाला गेलोय. टेबलावर मी एकटाच निवांत. बाकीच्यांपैकी एकाने सूप शर्टावर घेतलं, एक जण घाबरून बाहेर जाऊन बसला. मजा आली, खोटं कशाला बोलू. बोट घालून पाणी ओतणं, घड्याळाच्या आकड्यांनी ताटली सांगणं हे खरंच आम्ही वापरतो. घरी आईला आता सवय झालीय, पाहुण्यांनाही ती "चटणी सहाला आहे, घ्या" असं सांगते आणि त्यांना काही कळत नाही.

राग कशाचा येतो सांगू? बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "यार, आज तुझं आयुष्य काय असतं ते कळलं." नाही कळलं बाबा. तुला अचानक दिवे गेल्यावर काय होतं ते कळलं. मी तीस-पस्तीस वर्षांत जे शिकलो ते तू एका संध्याकाळी कुठून शिकणार? मी शर्टावर सूप सांडत नाही. मी मोबाइलवर मेन्यू ऐकतो, ऑर्डर देतो, बिल फोनवरून भरतो. मला अडचण होते ती मेन्यू नुसता फोटो म्हणून टाकलेला असतो तेव्हा, किंवा वेटर माझ्याऐवजी शेजारच्याला विचारतो, "यांना काय हवं?" तेव्हा. ते अंधारात बसून कळत नाही.

तरीही अशी ठिकाणं असावीत. तिथे काम करणारे पगार घेतात, आणि त्या खोलीत हुकूम त्यांचा चालतो. आमचा वेटर एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "ओरडू नका, मला ऐकू येतं." ते वाक्य ऐकायला मी परत जाईन.

दुपारची_झोप

@निमिष तो "ओरडू नका" आमच्याकडेही म्हणाला असणार, आम्हालाच ऐकू गेलं नसेल एवढा गोंगाट होता. मेन्यूच्या फोटोचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

टिकटिक

गोंगाटावरून. विमानात टोमॅटोचा रस का मागतात माहितेय? इंजिनाच्या आवाजात गोड कमी कळतं आणि उमामी (मशरूम, टोमॅटोत असते ती पाचवी चव) जास्त. टोमॅटोत उमामी भरपूर. म्हणजे विमान हे पण घुबड यांना न आवडणारं रेस्टॉरंटच.

घुबड

विमानात निदान भाषण फक्त सीटबेल्टचं असतं.

तळ्यातमळ्यात

यात नवीन काही नाही हो. इटलीतल्या फ्युचरिस्ट मंडळींनी (यंत्र आणि वेगाने भारलेली कलावंतांची चळवळ) 1931 मध्ये ट्युरिनला असलं रेस्टॉरंट उघडलं होतं. त्यांचा एक पदार्थ असा: उजव्या हाताने ऑलिव्ह वगैरे खायचं, डाव्या हाताने सँडपेपर, रेशीम आणि मखमल कुरवाळायची. वेटर मानेवर अत्तर फवारणार आणि वर विमानाच्या इंजिनाचा आवाज. याच मंडळींना पास्तावर बंदी हवी होती, तेही इटलीत. लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

माझा स्वतःचा अनुभव शून्य. पथ्यावर आहे, नुसता वाचून जेवतोय.

शिजतंय_का

आतल्या बाजूने लिहिते. काही वर्षं अशा किचनमध्ये काढलीत. तुम्हाला टेबलावर जादू दिसते, आम्हाला वजनकाटा आणि थर्मामीटर.

ते फुटणारे गोळे: सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून मिळतं) घातलेला रस कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा. वर पातळ पडदा धरतो, आत रस तसाच. स्पेनच्या एल बुई रेस्टॉरंटने असल्या गोळ्यांनी, त्यातही द्रव ऑलिव्हने, जग वेडं केलं. 2011 ला ते बंद झालं, गोळे मात्र अजून पाठ सोडत नाहीत. दुधाच्या पदार्थात कॅल्शियम आधीच असतं, म्हणून तिथे उलटं करायचं, पदार्थ अल्जिनेटच्या पाण्यात. आणि गोळे करून ठेवता येत नाहीत. पहिल्या पद्धतीचे असले तर आत आत गोठत जातात आणि अर्ध्या तासाने गिऱ्हाईक रबर चघळतं. म्हणून वेटर घाईत असतो, उगाच नाही.

नायट्रोजनबद्दल मात्र मनापासून सांगते. द्रव नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याने गोठवलेलं आइस्क्रीम सुंदर होतं, खडे अगदी बारीक. पण तो पूर्ण उडून गेल्याशिवाय ताटली बाहेर जाता कामा नये. ग्लासातून अजून धूर येतोय आणि तळाशी काही उकळतंय असं दिसलं तर ओठाला लावू नका, कितीही फोटो काढायचा असो. पोटात गेला तर आत भाजतो. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये यावरून इशारा दिला होता.

आणि कृपा करून असल्या जेवणाला अत्तर फासून येऊ नका. वासाची डिश करायला आमचे दोन दिवस जातात आणि शेजारच्या टेबलावरचे काका ती एका मनगटाने मारतात.

मावशीबोले

बाई गं. मी तर कुठेही जाताना अत्तर लावतेच.

अवखळ

मिरॅकल बेरी! कोणीच नाही लिहिलं? छोटं लाल फळ, तोंडात घोळवायचं, मग तासाभरापर्यंत आंबट ते गोड लागतं. त्यातल्या मिरॅक्युलिन नावाच्या प्रथिनाची करामत. मैत्रिणीने गोळ्या मागवल्या होत्या, आम्ही सगळ्या जमलो आणि लिंबं संत्र्यांसारखी सोलून खाल्ली. एकीने व्हिनेगर प्यायलं, सरबत म्हणून. जीभ फसते हो, पोट नाही फसत. तिची रात्र सोफ्यावर बसून गेली आणि ती अजून आमचे फोन उचलत नाही... उचलते, पण उशिरा.

मुलीला उठवायचंय, बाकी नंतर.

खारीचा_वाटा

@शिजतंय_का, अलिनियाच्या त्या हिरव्या सफरचंदाच्या फुग्याबद्दल सांगा ना. खरंच हेलियम असतो का आत?

शिजतंय_का

हो, खरा हेलियम. साखरेच्या पाकाचा फुगा, दोराही खायचा. ओठ टेकवून आतला वायू ओढायचा आणि मग बोलायचं, आवाज चिरका येतो. तो करायला आमच्याकडे एकाने महिना घालवला, त्यात निम्मे फुगे छताला चिकटले.

अवखळ

आले परत. चेहऱ्याला नाही का चिकटत?

शिजतंय_का

चिकटतो! म्हणून सोबत ओला रुमाल द्यायचा. दाढीवाल्यांना आम्ही आधीच विचारायचो, चमच्याने फोडून देऊ का.

घुबड

मला दाढी आहे. मला नुसतं सफरचंद द्या.